खरा क्रीडारसिक

अरुणावती नदीकाठच्या आर्णीतील क्रीडारसिकास विदर्भाचा क्रिकेट संघ आपलाच वाटतो. डिसेंबर २०१७ मध्ये कोलकात्यास रणजी करंडकाचा उपांत्य सामना झाला. विजयासाठी कर्नाटकास १९८ धावा हव्या होत्या. चौथ्या दिवसअखेर त्यांचे ७ गडी १११ धावांत बाद झाले होते. विजय विदर्भाच्या हाती आलाच, असे कोणालाही वाटावे! परंतु कर्नाटकाच्या तळाच्या फलंदाजांनी झुंज सोडली नाही. धावागणिक विदर्भप्रेमींचा जीव टांगणीला लागला. अखेर १९२ धावांवर डाव आटोपला. रजनीश गुरबानीने ७ गडी टिपले आणि विदर्भ ५ धावांनी जिंकला.

आपल्या संघासाठी टाळ्या सारेच वाजवतात. झुंजून हरलेल्या प्रतिस्पर्ध्यासाठीही ज्याचे हात जुळतात, तोच खरा क्रीडारसिक. त्या झुंजीमुळेच विजयाला मोल येते.