बेशुद्ध माणसाची हकीकत तुम्हीच सांगायची असते

‘पेशंट कोमात गेलाय’ हे कानावर पडलं की नातेवाइकांचा धीर सुटतो. पण कोमा हा स्वतंत्र आजार नव्हे, ते लक्षण आहे. पुढं काय होणार हे त्यामागच्या कारणावर ठरतं आणि काही कारणं वेळेत सापडली तर पूर्ण बरी होतात.

मेंदूच्या तळाशी असलेला मेंदूस्तंभ आपल्याला जागं ठेवतो. त्याला इजा झाली किंवा मेंदूचे दोन्ही अर्धगोल एकदम मंदावले, तर शुद्ध हरपते. कधी बिघाड मेंदूतच असतो: डोक्याला मार, रक्तस्राव, मोठा स्ट्रोक, मेंदूज्वर, लागोपाठ येणाऱ्या फिट्स. कधी तो बाहेरून येतो: रक्तातली साखर किंवा सोडियम उतरणं, लिव्हर-किडनी निकामी होणं, कीटकनाशकाची विषबाधा.

कॅज्युअल्टीत आम्ही आधी श्वास, नाडी, बीपी सांभाळतो आणि लगेच बोटाला टोचून साखर पाहतो. इन्सुलिन किंवा गोळी घेतली आणि जेवण राहिलं, अशा मधुमेही रुग्णाला शिरेतून ग्लुकोज दिल्यावर तो बऱ्याचदा काही मिनिटांत डोळे उघडतो. तरीही लगेच घरी न्यायची घाई नको. काही गोळ्यांचा अंमल टिकतो आणि साखर पुन्हा उतरते.

मग ग्लासगो कोमा स्केल. १९७४ साली टीसडेल आणि जेनेट या डॉक्टरांनी ती मांडली. डोळे उघडण्याला ४, बोलण्याला ५, हालचालीला ६, असे एकूण १५ गुण. कमीत कमी ३; ८ किंवा त्याखाली म्हणजे कोमा. हाकेला ओ मिळाली नाही, तर भुवईखालच्या हाडावर अंगठ्यानं दाबतो. पाहणाऱ्याला ते निर्दय वाटतं, पण रुग्ण तो हात झटकायला येतो की नुसता आखडतो, यात मोठा फरक असतो. बॅटरीच्या उजेडात बाहुल्या पाहतो. एकच बाहुली मोठी होऊन स्थिरावली, तर मेंदूवर दाब वाढल्याची शंका. दोन्ही टाचणीच्या टोकाएवढ्या आणि तोंडाला लाळ, तर कीटकनाशकाची.

मण्यार चावलेला माणूस तर निव्वळ कोमात गेल्यासारखा दिसतो. रात्री जमिनीवर झोपलेला, पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, हातपाय हलेनासे होतात. दंशाची खूण बहुधा दिसतच नाही. आत मात्र तो शुद्धीवर असू शकतो, आपलं बोलणं ऐकत असतो. प्रतिविष आणि व्हेंटिलेटर वेळेत मिळाला, तर असे रुग्ण चालत घरी जातात.

घरी कुणी बेशुद्ध पडलं तर १०८ला फोन करा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा. पडल्याचा किंवा अपघाताचा संशय असेल तर मान हलू देऊ नका. श्वास थांबला असेल तर छातीवर जोरात, भराभर दाब द्या. तोंडात पाणी, साखर, औषध काही घालू नका. कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ दवडू नका.

निघताना चालू गोळ्यांची पाकिटं, जुनी फाइल, शेजारी सापडलेली बाटली सोबत घ्या. शेवटचा नीट बोलला कधी, काय खाल्लं, दारू किंवा विष घेतलं का, हे न लपवता सांगा. डॉक्टरला ते लवकर कळलं, तर उपचारही लवकर सुरू होतात.