वनभूमीच्या कर्बाचा जमाखर्च : जपान व इंडोनेशिया

जमिनीच्या उत्पन्नाचा हिशेब आपण खंडीमणांत करतों. परंतु जमिनीचा आणखी एक हिशेब असतो, व तो हवेशीं असतो. झाड वाढतें तेव्हां हवेंतील कर्बाम्ल वायु, ज्यास हल्लीं कार्बन डायऑक्साइड म्हणतात, शोषून त्यांतील कर्ब खोडांत व मातींत साठवितें. झाड जळलें किंवा माती कुजली म्हणजे तोच कर्ब पुन्हां हवेंत जाऊन पृथ्वीची उष्णता वाढवितो. या देवघेवींत जपान व इंडोनेशिया हीं दोन द्वीपराष्ट्रें अगदीं दोन टोकांस आहेत.

जपानची सुमारें दोनतृतीयांश भूमि वनाखालीं आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत तेथील पुष्कळ डोंगर उघडे पडले होते. पुढील दोनतीन दशकांत सुगी व हिनोकी या वृक्षांची इतकी लागवड झाली कीं, आज सुमारें एक कोटि हेक्टर वन मनुष्याच्या हातचें आहे. (सुगीच्या परागांनीं तेथील लक्षावधि लोक दर वसंतांत शिंकून बेजार होतात, तो भाग निराळा!) अलीकडे हीं वनें दरवर्षीं पांच कोटि टनांच्या आसपास कर्बाम्ल वायु निव्वळ शोषितात. पूर्वीं हा आंकडा मोठा होता; झाडें जून होऊन वाढ मंदावली तशी जमा घटली.

या खात्यांत एक गोष्ट मात्र दिसत नाहीं. १९६४ मध्यें लांकडाची आयात खुली झाल्यावर जपाननें स्वतःचीं झाडें उभीं ठेवून परदेशचें लांकूड पुष्कळ वापरलें. बोर्निओ बेटाच्या कालिमंतान भागांतील ओंडके त्यांत होते. १९८५ मध्यें इंडोनेशियानें ओंडक्यांची निर्यात बंद करीपर्यंत हा व्यापार चालला. म्हणजे एकाची जमा कांहीं अंशीं दुसऱ्याच्या नांवें पडली, असें आम्हांस वाटतें.

परंतु इंडोनेशियाचा खरा खर्च झाडांत नाहीं, झाडांखालच्या मातींत आहे. सुमात्रा व कालिमंतान येथील दलदलींत पालापाचोळा व लांकूड हजारों वर्षें पाण्याखालीं राहिल्यानें पुरतें कुजलें नाहीं. त्याचे थर कोठें कोठें दहा मीटरांहूनही जाड आहेत. या मातीस पीट म्हणतात. पाणी आहे तोंवर हा ठेवा सुरक्षित. चर खणून निचरा केला कीं आंत हवा शिरते, माती शेणखताच्या उकरलेल्या ढिगाप्रमाणें कुजूं लागते व जमीन खचते. पहिल्या पांच वर्षांत मीटरभर, व पुढें दरवर्षीं सुमारें पांच सेंटिमीटर, असा अनुभव सुमात्रांतील मळ्यांत आला आहे.

१९९६ मध्यें राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांच्या सरकारनें मध्य कालिमंतानांत दहा लक्ष हेक्टरांवर भात पिकविण्याची योजना हातीं घेतली. जावांतील भातजमीन इमारतींखालीं जात होती, तेव्हां हेतु वाईट नव्हता. चार हजार किलोमीटरांहून अधिक कालवे खणले व जावांतून कुटुंबें नेऊन बसविलीं. पण पीट आम्ल व निकस. भात कांहीं आला नाहीं. १९९७ मध्यें अवर्षण पडलें आणि कोरडी माती महिनोगणती धुमसत राहिली. १९९९ मध्यें योजना रद्द झाली. कालवे मात्र पाणी वाहूनच नेत राहिले.

त्या एका वर्षीं इंडोनेशियांतील आगींनीं ८१ ते २५७ कोटि टन कर्ब हवेंत गेला, अशी गणना २००२ मध्यें प्रसिद्ध झाली. एक टन कर्बापासून ३.६७ टन कर्बाम्ल वायु होतो, हें ध्यानांत घेऊन वाचकांनीं स्वतःच भागाकार करून पाहावा. कमींत कमी आंकडा धरला तरी जपानच्या वनांची हल्लींच्या दरानें सुमारें साठ वर्षांची कमाई त्यांत गेली.

२०१५ मध्यें पुन्हां मोठ्या आगी लागल्या. त्यानंतर २०१६ च्या जानेवारींत पीट पूर्ववत् करण्याकरितां तेथें स्वतंत्र सरकारी खातें निघालें. कालव्यांत बांध घालून पाणी तुंबविणें हें त्याचें मुख्य काम होतें. ओल्या मातींत येणारा सागूचा ताड लावावा, असाही प्रयत्न आहे; त्याच्या खोडांतून पिठूळ सत्त्व निघतें. अडचण ही कीं, आपल्या बाजारांत येणारें पाम तेल ज्या झाडाचें, त्यास मुळाशीं तुंबलेलें पाणी सोसत नाहीं. बांधामुळें पाणी चढलें कीं शेजारच्या लहान शेतकऱ्याचें उत्पन्न घटतें, व कित्येक ठिकाणीं शेतकरी रात्रींतून बांध फोडतात.