पोलोचे संघनायक : सवाई मानसिंह

पोलो हा खेळ भारताला नवा नाही. मोगलांच्या काळी तो ‘चौगान’ या नावाने परिचित होता. मणिपुरात चालत आलेला त्याचा प्रकार पाहूनच ब्रिटिशांनी एकोणिसाव्या शतकात त्याला आजचे रूप दिले. पुढे संस्थानिकांनी या खेळाला आश्रय दिला. या परंपरेतील सर्वांत यशस्वी संघनायकांत जयपूरचे महाराजा सवाई मानसिंह (दुसरे) यांची गणना होते.

त्यांचा जन्म २१ ऑगस्ट १९१२ रोजी इसरदा येथील ठाकूर घराण्यात झाला. महाराजा माधोसिंह यांनी १९२१ साली त्यांना दत्तक घेतले आणि पुढच्याच वर्षी ते गादीवर आले. अजमेरच्या मेयो कॉलेजात व इंग्लंडमधील वुलिच येथील लष्करी अकादमीत त्यांचे शिक्षण झाले. १९३१ मध्ये त्यांना राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार मिळाले.

त्यांच्या नेतृत्वाचे स्वरूप समजण्यासाठी खेळाची रचना ध्यानात घ्यावयास हवी. पोलोच्या संघात चार घोडेस्वार असतात. पहिले दोघे चढाई करतात, तिसरा खेळाची सूत्रे हलवितो आणि चौथा, म्हणजे ‘बॅक’, गोलाचे रक्षण करतो. डाव सुमारे सात मिनिटांच्या ‘चक्करां’त विभागलेला असतो. प्रत्येक चक्करानंतर घोडा बदलावा लागतो. त्यामुळे उत्तम घोड्यांची पागा बाळगणे हे खेळाडूच्या कौशल्याइतकेच महत्त्वाचे ठरते.

१९३३ च्या उन्हाळ्यात मानसिंहांनी आपला संघ, घोडे आणि मोतद्दार यांसह इंग्लंडला नेला. पृथ्वीसिंह, अभयसिंह आणि राव राजा हणुतसिंह हे त्यांचे सहकारी होते. जोधपूरचे विख्यात सेनानी सर प्रतापसिंह यांचे हणुतसिंह हे पुत्र. दहा गोल ही खेळाडूची सर्वोच्च श्रेणी, आणि हणुतसिंहांची श्रेणी नऊ गोलांची होती. सूत्रधाराचे तिसरे स्थान त्यांना देऊन महाराज स्वतः बॅकच्या जागी खेळले. ज्याच्या शब्दावर संस्थान चाले, त्याने मैदानावर मात अधिक जाणत्या खेळाडूच्या हाती सूत्रे सोपविली. संघनायकाचा मोठेपणा यातच दिसून येतो. हर्लिंगहॅम चँपियन कपासह त्या मोसमातील प्रमुख खुल्या स्पर्धा जयपूरने जिंकल्या. त्या वेळी महाराजांना एकविसावे वर्षही पुरे झाले नव्हते.

स्वातंत्र्यानंतर मात्र या खेळापुढे बिकट प्रश्न उभा राहिला. राजाश्रयावर वाढलेला खेळ राज्ये गेल्यावर तगणार कसा? ३० मार्च १९४९ रोजी मानसिंह राजस्थानचे राजप्रमुख झाले. १९५६ साली ते पदही संपुष्टात आले आणि त्यांच्या रामबाग राजवाड्याचे पुढे हॉटेल झाले. संस्थानी फौजाही विसर्जित झाल्या. परंतु ग्वाल्हेर, जोधपूर, जयपूर, म्हैसूर इत्यादी ठिकाणच्या अश्वदळांतून १९५३ मध्ये भारतीय लष्कराची ‘६१ वी कॅव्हलरी’ उभी राहिली. मराठी माणसाला आपलेसे वाटणारे शिंदे यांचे घोडदळही त्यात सामील झाले. या दलाचे ठाणे जयपुरात आले आणि पागेची जबाबदारी राजवाड्याकडून लष्कराकडे गेली. १९५७ साली फ्रान्समधील दोव्हिल येथे भारतीय संघाने सुवर्णचषक पटकाविला. मानसिंह त्या संघाचे एक घटक होते. चोवीस वर्षांपूर्वीचा विजय एका संस्थानचा होता. हा विजय देशाचा होता.

१९६२ मध्ये ते राज्यसभेवर निवडून आले. १९६५ पासून काही काळ ते स्पेनमध्ये भारताचे राजदूत होते. तरीही मैदान त्यांनी सोडले नाही. २४ जून १९७० रोजी इंग्लंडमधील सायरेन्सेस्टर येथे पोलो खेळत असतानाच त्यांचा अंत झाला.

संस्थानिकांचे तनखे १९७१ मध्ये रद्द झाले. एवढे वैभव ओसरल्यावरही जयपुरात पोलो टिकून राहिला. महाराजांनी मिळविलेल्या चषकांइतकेच हेही त्यांच्या कारकिर्दीचे फलित मानले पाहिजे.