विधिमंडळातील कायदा शेताच्या बांधावर कसा पोहोचतो?

विधिमंडळाचे अधिवेशन संपले म्हणजे लोकप्रतिनिधी आपापल्या मतदारसंघात परततात. गावोगाव सभा होतात. कोणता कायदा संमत झाला, कोणत्या कामास किती रुपये मंजूर झाले, कोणत्या तलावाची दुरुस्ती व्हावयाची आहे, याचा वृत्तांत ते लोकांपुढे ठेवतात. लोकशाहीत असा वृत्तांत मोलाचा होय. परंतु त्यातील शब्दांचा नेमका अर्थ ऐकणाऱ्यास ठाऊक नसेल, तर तोच वृत्तांत शेतकऱ्याच्या नुकसानीस कारण होतो. "कालवा मंजूर झाला" एवढे ऐकून एखादा शेतकरी कर्ज काढून उसाची लागवड करतो. पाणी मात्र कैक वर्षांनी येते, आणि कर्जाचे हप्ते तेवढे वेळेवर येतात.

सोलापूर जिल्ह्यात ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. हा जिल्हा पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो. वार्षिक पाऊस सरासरीने सुमारे ५५० मिलिमीटर, आणि तोही बेभरवशाचा. त्यामुळे पाण्याविषयीची प्रत्येक वार्ता येथे शेतकऱ्याच्या प्रपंचाशी निगडित असते. कायदा, निधी व आकडे यांचा अर्थ कसा लावावा, आणि गावपातळीवरील कार्यकर्त्याने तो शेतकऱ्यास कसा समजावून द्यावा, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

१. कायदा संमत होणे आणि कायदा लागू होणे

विधेयक प्रथम सभागृहात मांडले जाते. विधानसभा व विधान परिषद या दोन्ही सभागृहांनी ते संमत केल्यावर राज्यपालांची, आणि काही बाबतींत राष्ट्रपतींची, संमती लागते. त्यानंतर अधिनियम राजपत्रात प्रसिद्ध होतो. तो कोणत्या तारखेपासून अमलात यावयाचा, हे पुष्कळदा शासन पुढे अधिसूचनेने ठरविते. कार्यपद्धती, अर्जाचे नमुने व फी या गोष्टी नियमांत असतात, आणि ते नियम आणखी मागाहून येतात.

याची दोन उदाहरणे लक्षात ठेवण्याजोगी आहेत. महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम विधिमंडळाने १९७७ मध्ये संमत केला. त्याचा अंमल २६ जानेवारी १९७९ पासून सुरू झाला. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम हा २००९ चा. तो लागू झाला १ जून २०१४ रोजी, आणि त्याखालील नियमांचा मसुदा लोकांच्या हरकती व सूचनांसाठी २०१८ मध्ये प्रसिद्ध करण्यात आला.

यातून दोन बोध घ्यावयाचे. "कायदा झाला" असे कानी पडताच "तो कोणत्या तारखेपासून लागू?" हा प्रश्न विचारावा, हा पहिला. दुसरा असा की, नियमांचा मसुदा हरकतींसाठी खुला असतो त्या मुदतीत गावाला आपले म्हणणे लेखी कळविता येते. भूजलाच्या कायद्यात ६० मीटरपेक्षा अधिक खोलीच्या विहिरीस 'खोल विहीर' मानले आहे. जेथे विंधन विहिरीवर सारी बाग तगून असते, तेथे अशा तरतुदीविषयी मुदतीत पाठविलेला एक अर्ज मागाहून काढलेल्या दहा मोर्चांहून अधिक उपयोगी पडू शकतो.

२. मंजूर रुपया आणि खर्च झालेला रुपया

अर्थसंकल्पात एखाद्या कामाचे नाव आले, म्हणजे त्यास पुरेसा पैसा मिळालाच असे नाही. कधी कधी तरतूद नाममात्र असते. काम यादीत राहावे एवढाच तिचा हेतू. काम प्रत्यक्ष उभे राहण्यापूर्वी पुढील पायऱ्या ओलांडाव्या लागतात: अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा आणि कार्यारंभ आदेश. "मंजुरी मिळाली" हा शब्द यांपैकी कोणत्याही पायरीस लावला जातो. म्हणून मंजुरी कोणत्या पायरीची, हे विचारणे अगत्याचे आहे. कार्यारंभ आदेश निघेपर्यंत शेतकऱ्याने त्या कामाच्या भरवशावर पीकपद्धती बदलू नये.

निधीचे मार्गही निरनिराळे आहेत. आमदारांच्या स्थानिक विकास निधीतील कामे आमदार सुचवितात. मंजुरी व निधीचे वाटप जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते, आणि ती कामे सार्वजनिक उपयोगाचीच असावी लागतात. जिल्हा वार्षिक योजनेचा आराखडा जिल्हा नियोजन समितीपुढे जातो. या समित्यांविषयीचा राज्याचा अधिनियम १९९८ चा आहे. ग्रामपंचायतीचा आराखडा ग्रामसभेत ठरतो. कोणते काम कोणत्या दारी मागावयाचे, हे न कळल्यामुळे कित्येक चांगल्या मागण्या चुकीच्या कचेरीत पडून राहतात.

३. आकडा कसा वाचावा: उजनीचे उदाहरण

भीमा नदीवरील उजनी धरण हे सोलापूर जिल्ह्यातील सर्वांत मोठे सार्वजनिक बांधकाम होय. त्याची पायाभरणी १९६६ मध्ये झाली आणि धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. म्हणजे कोनशिला व धरण यांत चौदा वर्षांचे अंतर पडले. कालवे, वितरिका व चाऱ्या यांना त्याहूनही अधिक काळ लागला.

उजनीची एकूण साठवणक्षमता सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे ११७ अब्ज घनफूट आहे. सभेत हाच आकडा सांगितला जातो. परंतु त्यांपैकी उपयुक्त साठा सुमारे ५३.५ टीएमसीच आहे. उरलेला, निम्म्याहून अधिक, मृतसाठा आहे. धरणात पाणी डोळ्यांना दिसते, तरी पातळी मृतसाठ्यात उतरल्यावर कालव्यास पाणी देण्याचा हिशेब संपतो. 'उजनी वजा झाली' असे लोक म्हणतात, त्याचा अर्थ हाच. त्या पाण्यावर पिण्याच्या पुरवठ्याचाही भार असतो. तेव्हा धरण किती भरले याऐवजी उपयुक्त साठा किती, त्यातून किती आवर्तने ठरली, आणि आपल्या चारीस पाळी केव्हा, हे तीन प्रश्न विचारावेत.

सांगोले व मंगळवेढे या तालुक्यांकडील उंच भागास उजनीचा कालवा सर्वत्र पोहोचू शकत नाही. तिकडे कृष्णेचे पाणी उचलून आणणाऱ्या टेंभू व म्हैसाळ या उपसा योजनांवर लोकांची भिस्त आहे. कृष्णा खोऱ्यातील कामांसाठी राज्याने १९९६ मध्ये स्वतंत्र महामंडळ स्थापन केले. उपसा योजनेत बांधकामाचा खर्च एकदाच होतो, परंतु विजेचा खर्च पंप चालेल तितके दिवस होत राहतो. पाणीपट्टी थकली की पंप थांबण्याचा धोका असतो. म्हणून अशा पाण्यावर बारमाही पीक घेण्यापूर्वी पाणीपट्टीचा हिशेब मांडणे शहाणपणाचे ठरेल.

पाण्याच्या वाटपाचा कायदाही जाणून घेतला पाहिजे. सिंचन पद्धतींचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याविषयीचा राज्याचा अधिनियम २००५ चा आहे. त्याखाली पाणी वापर संस्थेस पाणी घनमापाने मोजून मिळावे आणि संस्थेने ते सभासदांत वाटावे, अशी योजना आहे. चारीच्या तोंडाशी असलेला शेतकरी भरपूर भिजवितो आणि शेवटच्या टोकाचा कोरडा राहतो, ही जुनी तक्रार दूर करण्याचे हे साधन आहे. मात्र मोजमापाचे यंत्र नादुरुस्त व संस्था कागदावर, अशी स्थिती असल्यास टोकाच्या शेतकऱ्यास या कायद्याचा लाभ मिळत नाही.

४. कायद्यातून उभे राहिलेले काम: रोजगार हमी आणि फळबाग

लोकप्रतिनिधीच्या विचारातून निघालेला कायदा शेताचे रूप कसे पालटतो, याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे. श्री. वि. स. पागे हे १९६० ते १९७८ या काळात विधान परिषदेचे सभापती होते. काम मागणाऱ्या ग्रामीण माणसास काम देण्याची योजना त्यांच्या प्रेरणेने १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील विसापूर परिसरात लहान प्रमाणावर आजमावण्यात आली. पुढे १९७२ चा भीषण दुष्काळ आला. सोलापूर जिल्ह्यात त्याची झळ फार मोठी होती. बांधबंदिस्ती, पाझर तलाव, रस्ते व खडी फोडणे या कामांवर कुटुंबेच्या कुटुंबे राबली. त्या अनुभवातून रोजगार हमीचा कायदा झाला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत ते मिळावे, न मिळाल्यास बेकारी भत्ता द्यावा, हे त्याचे सूत्र होते. त्यासाठी पैसा उभा करण्याकरिता १९७५ मध्ये व्यवसाय कर बसविण्यात आला. शहरातील पगारदाराच्या करातून खेड्यातील पाझर तलाव उभा राहिला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. २००५ साली केंद्रानेही रोजगार हमीचा कायदा केला. त्यानंतर तरतुदी बदलत आल्या आहेत. म्हणून काम मागण्यापूर्वी चालू नियम ग्रामपंचायतीतून समजून घ्यावेत. मागणी मात्र लेखी करावी व तिची दिनांकित पोच घ्यावी, हे तत्त्व सर्व काळी लागू आहे. पोच नसेल तर मुदत कोणत्या दिवसापासून मोजावयाची, हेच सिद्ध करता येत नाही.

रोजगार हमीशी निगडित फळबाग लागवड १९९० पासून सुरू झाली. आपल्याच शेतात खड्डे खणून झाडे लावण्याच्या कामास अनुदान मिळू लागले. सोलापूर जिल्ह्यातील हलक्या, मुरमाड, निचऱ्याच्या जमिनीत ज्वारीही धड येत नसे. तेथे बोर व डाळिंब ही पिके उभी राहिली. सांगोले तालुका हे त्याचे ठळक उदाहरण होय. या मतदारसंघातून श्री. गणपतराव देशमुख १९६२ पासून एकूण ११ वेळा विधानसभेवर निवडून आले. पुढे २००५ मध्ये डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र सोलापुरास स्थापन झाले आणि २०१६ मध्ये सोलापूर डाळिंबास भौगोलिक मानांकन मिळाले.

येथेच कायद्याची व निधीची मर्यादाही दिसून येते. अनुदानाने झाड लागते. ते जगविणे शेतकऱ्याच्या हाती असते. तेल्या रोगाने जिल्ह्यातील अनेक बागा उद्ध्वस्त केल्या. हा रोग जिवाणूजन्य असून दमट व पावसाळी हवेत झपाट्याने पसरतो. रोगमुक्त रोपे, छाटणीच्या कात्र्यांचे निर्जंतुकीकरण, रोगट फळे व काड्या वेचून नष्ट करणे आणि रोगग्रस्त भागात मृग बहाराऐवजी हस्त बहार धरणे, ही कामे गावातील सर्व बागाईतदारांनी मिळून केल्यावाचून एकट्याच्या श्रमास यश येत नाही.

५. बाजारातील कायदा

कायद्याचा लाभ पुष्कळदा हिशेबपट्टीवरील एका ओळीत असतो. बाजार समित्यांचा मूळ अधिनियम १९६३ चा आहे. २०१६ मध्ये राज्याने फळे व भाजीपाला यांची समितीच्या आवाराबाहेरील विक्री नियमनमुक्त केली आणि अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी, असे ठरविले. शेतकऱ्याने पट्टी हाती पडताच हमाली, तोलाई व इतर कपाती एकेक करून वाचाव्यात. अडतीची रक्कम दुसऱ्या नावाखाली कापली गेली असल्यास बाजार समितीकडे लेखी तक्रार करावी. पट्टी न वाचता खिशात घालणाऱ्या शेतकऱ्यास हा निर्णय झाला काय आणि न झाला काय, सारखेच.

६. गावपातळीवरील कार्यकर्त्याची कामे

(१) प्रत्येक अधिवेशनानंतर शेतीविषयक कायदे व निर्णय यांची एक वही ठेवावी. तीत कायद्याचे नाव, लागू झाल्याची तारीख, अर्जाचे ठिकाण व मुदत, असे चार रकाने असावेत.

(२) गावातील प्रत्येक मंजूर कामापुढे ते कोणत्या पायरीवर आहे हे लिहावे, आणि ग्रामसभेत ती यादी वाचून दाखवावी.

(३) लोकप्रतिनिधी गावात आल्यास मागण्यांची लांबलचक यादी देण्याऐवजी दोन-तीन निकडीची कामे जागा, अंदाजे खर्च व लाभक्षेत्र यांसह लिहून द्यावीत.

(४) दाखले व परवाने यांस विलंब होत असल्यास महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ याखाली अपील करता येते, हे शेतकऱ्यास सांगावे. अधिसूचित सेवांची यादी व मुदत कचेरीच्या फलकावर पाहावी.

(५) अपूर्ण योजनेच्या भरवशावर कोणास कर्ज काढण्याचा सल्ला देऊ नये. ज्याच्या विहिरीत आज जेवढे पाणी आहे, तेवढ्यावरच त्याच्या पिकाचा आराखडा बेतावा.

चर्चेसाठी प्रश्न

(१) आपल्या गावासाठी गेल्या तीन वर्षांत जाहीर झालेली कामे कोणती? त्यांपैकी किती पूर्ण झाली, आणि अपूर्ण कामे कोणत्या पायरीवर अडली आहेत?

(२) आपल्या चारीवर पाणी वापर संस्था आहे काय? तिचे मोजमापाचे यंत्र चालू आहे काय? शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्यास गेल्या आवर्तनात पाणी मिळाले काय?

(३) गेल्या हंगामातील दहा शेतकऱ्यांच्या हिशेबपट्ट्या एकत्र वाचल्यास त्यांत कोणत्या कपाती आढळतात?

या प्रश्नांची उत्तरे ज्या गावाने लिहून ठेवली असतील, त्या गावात पुढील सभेस येणाऱ्या लोकप्रतिनिधीसही नेमके उत्तर द्यावे लागेल, आणि शासनाने दिलेला रुपया कोठवर आला, हे गावाला स्वतःच मोजता येईल.