महामारीतील शरदचर्या

चरकसंहितेच्या विमानस्थानात (अध्याय ३) वायू, उदक, देश व काल यांची विकृती जनपदोद्ध्वंसाचे कारण सांगितली आहे. २०२० च्या महामारीत वर्षा ऋतू सरून शरद आला, तरी सुंठ-मिरे-दालचिनीचा काढा अनेक घरी पूर्वीच्याच मात्रेत चालू राहिला. शरदात पित्तप्रकोप स्वाभाविक असतो. म्हणून दाह, अम्लपित्त, मुखपाक असणाऱ्यास तो प्रकृती पाहूनच द्यावा. आहार मधुर, तिक्त, लघु असावा. दही, ऊन व दिवास्वाप वर्ज्य करावेत.

प्रदोषकाळचे चांदणे मात्र शास्त्रसंमत आहे. त्या वर्षी गरबा बंद होता, तरी घरच्या गच्चीवर कोजागरी साजरी करता येत होती. दव पडण्यापूर्वी घरात यावे, एवढेच पथ्य. भयग्रस्त रुग्णास औषधाबरोबर असा ऋतुविहारही वैद्याने आवर्जून सांगावा.