बालगृहातील मुलाचे चित्र आणि शिक्षकाचे कर्तव्य

बालगृहात राहणारी मुले शिक्षणासाठी जवळच्या प्राथमिक शाळेत येतात. त्यांना चित्रकला, गायन, खेळ यांत सहभागी करून घेणे ही शिक्षकाने दाखविलेली दया होय, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. कायद्याची दृष्टी निराळी आहे. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ याच्या कलम ५३ मध्ये संस्थेने मुलांच्या पुनर्वसनासाठी द्यावयाच्या सेवा सांगितल्या आहेत. त्यांत अन्न, वस्त्र व निवारा यांच्याच पंक्तीस शिक्षण, व्यवसायोपचार, समुपदेशन, तसेच क्रीडा व सांस्कृतिक कार्यक्रमांसह मनोरंजन यांना स्थान दिलेले आहे. भारताने १९९२ साली स्वीकारलेल्या बालहक्क संहितेच्या ३१ व्या अनुच्छेदातही विश्रांती, खेळ व कलाजीवन हे बालकाचे हक्क मानले आहेत. गृहपाठ केला नाही म्हणून जसे आपण कोणाचे जेवण बंद करीत नाही, तसाच त्याचा चित्रकलेचा तासही काढून घेऊ नये.

तथापि उपक्रम व उपचार यांतील भेद शिक्षकाने ओळखला पाहिजे. व्यवसायोपचार ही प्रशिक्षित तज्ज्ञाची विद्या आहे. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसायविषयक केंद्रीय कायद्यात तिचा समावेश आहे. मुलाने घर काळ्या रंगाने रंगविले, एवढ्यावरून त्याच्या मनाचे निदान करणे शिक्षकाचे काम नव्हे. कित्येकदा डब्यात काळाच खडू तेवढा उरलेला असतो! “हे कोण? असे का काढलेस?” अशी वर्गासमक्ष उलटतपासणी तर कटाक्षाने टाळावी. मूल आपण होऊन बोलू लागल्यास शांतपणे ऐकावे. मात्र त्याच्या बोलण्यातून लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, किंवा तसा धोका दिसला, तर २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १९ प्रमाणे विशेष बाल पोलीस पथकास अथवा स्थानिक पोलिसांस कळविणे बंधनकारक आहे. मुख्याध्यापकांस सांगितले म्हणजे आपली जबाबदारी संपली, असे नाही.

खरी अडचण प्रदर्शनाच्या वेळी येते. समजा, चौथीतील एका मुलीच्या चित्रास केंद्रस्तरावर बक्षीस मिळाले. छायाचित्र घेऊन, त्याखाली नाव व ‘बालगृहातील विद्यार्थिनी’ असे लिहून ते वर्तमानपत्राकडे किंवा भ्रमणध्वनीवरील गटात पाठविण्याचा मोह कोणासही होईल. हेतूही चांगलाच असेल. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ ने अशा बालकासंबंधीच्या चौकशीच्या वा न्यायालयीन कामाच्या वृत्तात त्याचे नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटविणारा अन्य तपशील देण्यास मनाई केली आहे. छायाचित्रासही तीच मनाई लागू आहे. उल्लंघनास सहा महिन्यांपर्यंत कारावास, दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. कलमाची अक्षरे चौकशीच्या वृत्तापुरती असली, तरी त्यामागील चिंता बक्षीस समारंभासही लागू पडते. त्या मुलीचा शोध घेणारा एखादा मनुष्य ती बातमी वाचीत असेल, याचा विचार आधी व्हावा.

म्हणून तिचे नाव पुसून टाकावे काय? तसेही नव्हे. वर्गाच्या भिंतीवर इतरांच्या चित्रांखाली नावे असतील, तर तिच्याही चित्राखाली असावे; आपले नाव वाचण्याचा आनंद तिला का नाकारावा? निवासाचा उल्लेख मात्र कोठेही नसावा. शाळेबाहेर चित्र पाठविण्यापूर्वी बालगृहाच्या अधीक्षकांशी बोलावे व तिलाही विचारावे. ती नको म्हणाली, तर चित्र पाठवू नये. बालकल्याण समितीच्या आदेशाने अशा मुलांचा मुक्काम अचानक बदलतो, म्हणून चित्रे वर्षअखेरपर्यंत कपाटात न ठेवता वेळच्या वेळी तिच्या हाती द्यावीत.