क्लच दाबला की घरघर गायब

प्रश्न : माझ्याकडे पाच गिअरची जुनी पेट्रोल हॅचबॅक आहे. गाडी चालू करून न्यूट्रलमध्ये उभी ठेवली की बॉनेटखालून घरघर येते. क्लच दाबला की आवाज बंद, सोडला की पुन्हा सुरू. एक मेकॅनिक म्हणतो, रिलीज बेअरिंग गेलंय. दुसरा म्हणतो, गिअरबॉक्स खोलावा लागेल. कोणाचं ऐकू? शिवाय रिव्हर्स घेताना गाडी कुईंऽऽ करते, तेही याच दुखण्यामुळे का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : तुमच्या वर्णनावरून माझं मत दुसऱ्या मेकॅनिकच्या बाजूने पडतं. पण पहिलाही अगदीच हवेत बोलत नाहीये.

न्यूट्रलमध्ये क्लचवर पाय नसतो तेव्हा इंजिनाबरोबर क्लच प्लेट फिरते, तिच्याबरोबर गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट फिरतो आणि त्याला जुंपलेले गिअरही मोकळेच फिरत राहतात. चाकं तेवढी जागेवर असतात. क्लच पूर्ण दाबला की प्लेट सुटते आणि क्षणभरात हा सगळा लवाजमा थांबतो. त्याच वेळी आवाजही थांबत असेल, तर संशय इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर जातो. रिलीज बेअरिंगचं बहुधा उलटं असतं. क्लच दाबला की त्याच्यावर भार येतो, म्हणून झिजलेलं बेअरिंग पाय दाबल्यावर ओरडतं.

‘बहुधा’ म्हणायचं कारण असं, की हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटला कायम टेकलेलं असतं. ते सैल झालं तर पाय नसतानाच चिवचिवतं आणि नुसता पाय टेकवला तरी गप्प बसतं. तेव्हा घरीच एक करून बघा. हँडब्रेक लावा, काचा खाली घ्या, एसी आणि पंखा बंद करा. इंजिन चालू ठेवून क्लच अगदी सावकाश दाबत न्या. पहिल्या बोटभर दाबातच आवाज थांबला तर पहिला मेकॅनिक बरोबर. पेडल बरंच खाली जाऊन क्लच सुटल्यावरच थांबला, तर दुसरा. थोडी रेस देऊनही ऐका. रेसबरोबर घरघर चढत गेली तर बेअरिंगच. नुसती हलकी खडखड असेल आणि जरा रेस दिली की जात असेल, तर ती दात एकमेकांवर आपटण्याची असते. त्यासाठी गिअरबॉक्स उघडायला लावणाऱ्याला नमस्कार करून घरी या.

गिअरबॉक्स उतरवण्याआधी तेल मात्र बघाच. इंजिन ऑइल वेळेवर बदलणारी माणसंही गिअर ऑइलकडे वर्षानुवर्षं ढुंकून पाहत नाहीत आणि सील गळून पातळी उतरली की पहिला बळी बेअरिंगचा जातो. ड्रेन प्लगला लोहचुंबक असेल तर त्यावरचा करडा, मऊ गाळ नेहमीचाच. पोलादाचे कपचे दिसले तर गंभीर. तेलात सोनेरी चमक असेल तर सिंक्रो रिंगचं पितळ झिजतंय. अशा गाडीत एखादाच गिअर टाकताना खर्रर होतं. नवं तेल पुस्तिकेत लिहिलेल्या दर्जाचंच भरा. तिथे जीएल-४ असताना दुकानदार ‘त्याहून भारी’ म्हणून जीएल-५ पुढे करेल. घेऊ नका, काही जीएल-५ तेलांतली गंधकयुक्त रसायनं पितळेला मानवत नाहीत.

रिव्हर्सच्या कुईंऽऽची काळजी सोडा. पुढचे गिअर तिरप्या दातांचे असतात, त्यामुळे दात हळूहळू एकमेकांत येतात आणि आवाज कमी होतो. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सचे दात सरळ असतात, ते गातातच. अशा रिव्हर्सला बहुतेकदा सिंक्रोमेशही नसतं. कॅडिलॅकने १९२८ साली सिंक्रोमेश आणलं, त्याआधी डबल क्लच मारण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तुमचा रिव्हर्स टाकताना खरखरला, तर गाडी पूर्ण थांबवा, क्लच दाबून दोन-तीन सेकंद जाऊ द्या, मग टाका.

आणि गाडी चालताना ऐकू येणारा प्रत्येक आवाज गिअरबॉक्सच्या माथी मारू नका. सरळ, मोकळ्या रस्त्यावर (घाटात नव्हे!) क्षणभर क्लच दाबा. इंजिनाची रेस उतरली तरी गुणगुण गाडीच्या वेगाप्रमाणेच चालू राहिली, तर टायर किंवा चाकाचं बेअरिंग बघा. डावीकडे वळताना ती वाढली तर बहुधा उजवं चाक. स्टिअरिंग पूर्ण वळवून निघताना टकटक येत असेल तर ॲक्सलचा जॉइंट. त्यावरचा रबरी बूट फाटलेला सापडेल.

तुमच्या बाबतीत गिअरबॉक्स उतरवावा लागलाच, तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिथेच तपासून घ्या. बेअरिंग स्वस्त असतं, उतरवायची मजुरी महाग. ती दोनदा भरू नका. काम झाल्यावर काढलेले जुने भाग मागून घ्या, आणि बेअरिंग हातात धरून स्वतः फिरवून बघा.